आधी बायका बघतील

जिवंत असताना जिला एका संस्थेने तीनदा नकार दिला, ती बाई गेल्यावर दोन महिन्यांच्या आत तीच संस्था तिच्या नावाने अनुदान जाहीर करते. त्या संस्थेला नेमकं काय हवं आहे, असं तुम्हाला वाटतं? रंजनाताई निमसे हे नाव तुमच्यातल्या बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. ती नाशिकमध्ये लग्नांचं शूटिंग करायची आणि शेवटची काही वर्षं पिंपळगाव बसवंतला पॅकहाऊसमध्ये निर्यातीची द्राक्षं साफ करणाऱ्या बायकांवर एक माहितीपट करत होती. तो पूर्ण झाला नाही. आता तिचा हसरा फोटो आणि 'स्वतंत्र चित्रपटकर्त्यांसाठी नवी संधी' असा मथळा असलेलं एक पत्रक सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतं आहे. त्याच संस्थेचं दुसरं एक पत्र मात्र कुठेही फिरत नाही. ते तिच्या भावाच्या घरी आलं आहे, आणि त्यात तिने केलेलं सगळं चित्रीकरण, न कापलेलं, 'जतनासाठी' मागितलं आहे. त्या चित्रीकरणात कामावरच्या बायका बोलल्या आहेत, चेहऱ्यानिशी. रंजनाताईने त्यांना शब्द दिला होता की तुम्ही स्वतः बघून हो म्हटल्याशिवाय यातलं काहीही बाहेर जाणार नाही. तो शब्द पाळला जाणार की नाही, हे येत्या काही आठवड्यांत ठरणार आहे, म्हणून मी हे आत्ता लिहिते आहे.

ती गेल्याचं मला येवल्याच्या बसस्टँडवर कळलं. तिच्या धाकट्या भावाचा, दत्ताभाऊचा, फोन दोनदा वाजला आणि मी दोन्ही वेळा उचलला नाही. आमचं बोलणं पाच महिने बंद होतं, आणि ते मी बंद केलेलं होतं. मला वाटलं, ताईने भावाला मध्ये घातलंय. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा नाशिकची गाडी फलाटाला लागत होती. एकदाचं स्पष्ट सांगून टाकावं म्हणून मी फोन घेतला. दत्ताभाऊ म्हणाला, "ताई आमच्याकडंच होती. सकाळी झेंडूच्या वाफ्यात पाणी बघायला गेली, ती चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेईपर्यंत... तू येतीस का?" माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. ते मला अजून शब्दाशब्दाने आठवतं आणि ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. नाशिकपर्यंत मी एकच हिशोब मांडत होते, की तिने मला शेवटचा निरोप कधी पाठवला आणि मी त्याला उत्तर का दिलं नाही.

आमची ओळख माझ्या मावसबहिणीच्या लग्नात झाली. पाठवणीच्या वेळी मुलीच्या काकांचा हात कॅमेऱ्याच्या आडवा आला आणि आई-मुलीची गळाभेट हुकली. काका खजील झाले. म्हणाले, "मॅडम, परत एकदा घेऊ ना. ए पोरी, ये जरा मागं, आईच्या गळ्यात पड." बहीण खरोखर वळली. रंजनाताईने कॅमेरा खाली घेतला. "रडणं झालं, काका. तुमचा हात आलाय चांगला, तोच देते." मांडवातले सगळे हसले. नंतर ती एकटी जेवायला बसलेली दिसली तेव्हा मी तिच्या शेजारी जाऊन बसले. साडीवर पुरुषांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर क्रिकेटची टोपी, असा तिचा अवतार असायचा. मी काय करते असं तिने विचारलं. मी म्हटलं, पत्रकं लिहिते. वडिलांचा सातपूरला छापखाना होता, कामगारांची पत्रकं तिथेच छापली जायची, मी ती वाचत आणि घड्या घालत मोठी झाले, असं बरंच काही मी अभिमानाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग वाचतं का कुणी?" त्या दिवसापासून ती मला पत्रकबाई म्हणायला लागली.

तिच्या धंद्यात एक रीत आहे. लग्नाचा अल्बम किंवा व्हिडिओ पक्का करण्याआधी घरच्यांना दाखवतात. त्याला सिलेक्शनला बसणं म्हणतात. चहा येतो, सगळं घर गोळा होतं आणि कोण राहणार, कोण जाणार यावर दोन तास वाद चालतो. रुसून गेलेल्या आत्याला ठेवायचं की नाही, नवऱ्या मुलाचे मित्र नाचताना पडले ते काढायचं की नाही. बाकीचे शूटिंगवाले या बैठकीला कंटाळतात. रंजनाताईला तीच आवडायची. ती म्हणायची, लग्नाचं खरं शूटिंग तिथे होतं, फक्त तेव्हा कॅमेरा बंद असतो. माहितीपट करायचा ठरवल्यावर हीच रीत ती तिकडे घेऊन गेली, आणि तिचं सगळं भलं-बुरं त्यातूनच झालं.

पॅकहाऊसमध्ये तिला प्रवेशही लग्नामुळेच मिळाला. तिथल्या एका कारकुनाच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग तिने केलं होतं. पहिला हंगाम ती नुसतीच गेली, कॅमेरा न घेता. जाळीची टोपी घालून बायकांबरोबर उभी राहिली, छोट्या कात्रीने घडातला खराब मणी कसा काढायचा ते शिकली. पुढच्या हंगामात कॅमेरा आला. पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरत्या येणाऱ्या बायका पिंपळगावात खोल्या करून राहायच्या. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यातल्याच एका खोलीत ती खिडक्यांना घोंगड्या लावायची, भिंतीवर पांढरी चादर ठोकायची आणि आठवडाभराचं चित्रीकरण दाखवायची. मी दोनदा गेले होते. पहिल्यांदा एक तरुण मुलगी स्वतःला बघून इतकी लाजली की तिने शेजारणीच्या पाठीमागे तोंड लपवलं. "ताई, काढ ते. मी लय जाडी दिसते." दुसरी म्हणाली, "दिसते म्हणजे काय? हायेस." त्यावर जो गलका झाला त्यात पुढचं काही ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या वेळी हसणं नव्हतं. एक बाई होती, तिला मी इथे चंद्राबाई म्हणते, खरं नाव वेगळं आहे. पडद्यावरची चंद्राबाई सांगत होती की लघवीला गेल्यावर मुकादम घड्याळ बघत उभा राहतो, म्हणून ती दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. खोलीतली चंद्राबाई खाली जमिनीकडे बघत होती. संपल्यावर रंजनाताईने विचारलं, "हे काढू?" चंद्राबाई म्हणाली, "बोलले ते राहू दे. खरं हाय ते. तोंड नको दाखवू. पुढल्या साली बी यायचंय ना कामाला." रंजनाताईने वहीत लिहून घेतलं: आवाज हो, तोंड नाही. अशी तिची वही भरत गेली. कुणाचा पदर, कुणाचं आडनाव, कुणाचं काय. अजून बऱ्याच जणींना दाखवायचं राहिलं होतं, कारण हंगाम संपला की त्या गावी जायच्या, आणि पुढच्या हंगामाला सगळ्याच परत यायच्या असं नाही.

चांगला कॅमेरा, आवाज नीट करणं, संकलन, हे लग्नांच्या कमाईत बसेना. मग अनुदानाचे अर्ज सुरू झाले. तुमच्यापैकी कुणी असा अर्ज भरला असेल तर माहीत असेल, त्यातली भाषा माणसांची नसते. मी इंग्रजी वाचून अर्थ सांगायचे, ती मराठीत उत्तर सांगायची, मी परत इंग्रजी करायचे. पहिल्या अर्जात एक रकाना होता, अपेक्षित प्रेक्षकवर्ग. मी एका रविवारी नव्हते, तेव्हा तिने तो स्वतः भरला. तिथे तिने चित्रपटात आलेल्या सगळ्या बायकांची नावं लिहिली, वडिलांच्या नावासकट, पुरवणी कागद जोडून. लग्नवाल्या बाईच्या हिशोबाने ते बरोबरच होतं, ज्यांचं लग्न त्यांनीच आधी बघायचं. काम कधी पूर्ण होईल, या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'बायकांना सवड होईल तेव्हा.' अर्ज परत आला. मी चिडले, तिच्यावर आणि संस्थेवरही. ती म्हणाली, "प्रेक्षक कोण ते विचारलं, मी सांगितलं. आता त्यांना ते प्रेक्षक नको असतील तर मी काय करू?"

दुसऱ्यांदा अर्ज परत आला तेव्हा बरोबर एक सल्ला होता. चित्रपटाचा शेवट जरा आशादायक करता येईल का, एखादी बाई स्वतःचा व्यवसाय सुरू करताना दाखवता येईल का, वगैरे. तेव्हा मी पहिल्यांदा संस्थेच्या मदतगारांची यादी शोधून वाचली. त्यात द्राक्ष निर्यातीच्या धंद्यातलं एक नाव होतं. मी ती यादी छापून इंदिरानगरला तिच्या फ्लॅटवर घेऊन गेले आणि तिच्या पुढ्यात टाकली. तिने चष्मा लावून वाचली. "बरं मग?"

"मग काय? त्यांना तुझा सिनेमा नकोय, तुझं चित्रीकरण हवंय. कोण बोलतंय ते त्यांना बघायचंय."

"तुला सगळीकडे चोर दिसतात."

"कारण असतात."

"अगं, पण कॅमेऱ्याला बॅटरी लागते. तुझ्या पत्रकाला लागत नाही." ती चहा टाकायला उठली, आणि गॅसजवळून म्हणाली, "चोर असला तरी त्याच्याकडून काय घ्यायचं आणि त्याला काय द्यायचं नाही, ते मला कळतं." हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. मला ती पैशाला भुलली आहे असं वाटायला लागलं होतं, आणि एकदा तसं वाटलं की मला दुसरं काही ऐकू येत नाही.

तिसऱ्या वेळी निवड झाली. कराराचा मसुदा आला, त्यात बाराव्या कलमात लिहिलं होतं की सर्व मूळ चित्रीकरणाची मालकी संस्थेची राहील. मी तिला ते तीनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, बघते. पुढच्या आठवड्यात गंगापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलात संस्थेचा कार्यक्रम झाला आणि त्याचा फोटो मला कुणीतरी पाठवला. रंजनाताई मंचावर, नवी साडी, आज शर्ट नाही, टोपी नाही, हातात प्रमाणपत्र. शेजारी संस्थेचे अध्यक्ष हसताहेत. मी तिला फोन करून विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मी एक लेख लिहिला, एका छोट्या मासिकात, 'अनुदानाच्या रांगेत उभे स्वतंत्र कलावंत' असा. नाव कुणाचं घेतलं नाही, पण लग्नाच्या मांडवातून आलेली आणि हॉटेलच्या मंचावर गेलेली कलावंत म्हणजे कोण, हे नाशिकमध्ये सगळ्यांना कळलं. तिचा एकच निरोप आला. 'वाचलं. शुद्धलेखन चांगलं आहे.' त्याला मी उत्तर दिलं नाही.

तेराव्यानंतर दत्ताभाऊ, त्याची बायको सुमनवहिनी आणि मी तिचा फ्लॅट आवरायला बसलो. वहिनींनी मला बोलावलं नसतं तर मी गेले नसते. कपाटात लग्नांच्या फायली होत्या, आडनावांप्रमाणे लावलेल्या, आणि त्यात 'पिंपळगाव' नावाची एक. त्यात संस्थेकडून परत आलेला करार होता. तिने सही केली होती. बारावं कलम मात्र पेनने आडवं खोडलं होतं आणि वर, लग्नाच्या ऑर्डरच्या वहीत लिहायची तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'आधी बायका बघतील. मग बोलू.' सोबत संस्थेचं दोन ओळींचं पत्र, की फेरफार केलेला करार स्वीकारता येत नाही, सबब निवड रद्द समजावी. प्रमाणपत्र निवड यादीतल्या सगळ्यांनाच दिलेलं होतं. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी तिने करार पाठवला होता. म्हणजे त्या मंचावर ती उभी होती तेव्हा तिचं कलम खोडून झालं होतं, आणि हॉटेलात जाऊन, नवी साडी नेसून, ती त्यांचं उत्तर काय येतं याची वाट बघत होती... आणि मी घरी बसून लेखाचा मथळा शोधत होते.

वहिनींनी फाईल माझ्या हातातून घेतली आणि विचारलं, "चहा करू?" त्यांना सगळं माहीत होतं की नव्हतं, मी अजून विचारलेलं नाही.

आता दत्ताभाऊच्या घरी आलेल्या पत्राकडे वळते. त्यात लिहिलं आहे, 'श्रीमती निमसे यांच्याशी झालेल्या करारानुसार.' असा करार झालाच नव्हता, तिची निवड रद्द केल्याचं त्यांचंच पत्र माझ्यासमोर आहे. कारकुनी चूक असेल. असू शकते. मदतगारांच्या यादीतलं ते नाव योगायोगाने असेल, तेही असू शकतं. माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून मी संस्थेचं नाव लिहीत नाही. पण एका मृत बाईच्या नावाने अनुदान देणाऱ्यांना तिच्या चित्रपटाचा पूर्ण झालेला भाग नको, तिची टिपणं नकोत, फक्त न कापलेलं चित्रीकरण हवं, याचं साधं कारण कुणी मला सांगितलं तर मी ऐकेन. मी पत्र पाठवून विचारलं. उत्तर आलं नाही.

दत्ताभाऊला हे पटत नाही, आणि त्याचं म्हणणं मी इथे नीट मांडलं पाहिजे. तो फुलं पिकवणारा माणूस आहे, बहिणीचं नाव छापून आलेलं त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. "तिच्या नावानं पोरापोरींना पैसे मिळतील. सिनेमे निघतील. वाईट काय त्यात?"

"अनुदानात वाईट काही नाही, भाऊ. ते द्यावं त्यांनी. चित्रीकरण कशाला मागतात?"

"जपून ठेवतील. आपल्याकडं काय, शेडमध्ये दमट, उंदरं. तू ठेवशील का?"

"त्यांच्याकडे गेलं की आपल्या हातात राहणार नाही."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मागच्या खेपेला बी तू असंच छातीठोक सांगत होतीस. ताईबद्दल."

ज्या डोळ्यांनी मी या संस्थेकडे बघते आहे त्याच डोळ्यांनी मी तिच्याकडे बघितलं होतं, आणि तेव्हा मी सपशेल चुकले होते. त्यामुळे मी सांगते म्हणून चित्रीकरण अडवून ठेवा, असं म्हणायचा अधिकार मला उरलेला नाही. सुमनवहिनी फुलांच्या माळा ओवत बसल्या होत्या. त्या दोरा तोडत म्हणाल्या, "तुम्ही दोघं कशाला भांडताय? ज्यांची तोंडं हायेत त्यांना विचारा की." इतकी सोपी गोष्ट आम्हा दोघांना सुचली नव्हती.

अडचण अशी आहे की आम्हाला त्या सापडत नाहीत. वहीत नावं आहेत, गावं अर्धवट आहेत, मोबाईल नंबर बहुतेक बंद. हंगाम सुरू झाला की त्या पिंपळगावात परत येतील, पण द्राक्षं दिवाळीनंतर बऱ्याच दिवसांनी येतात, आणि दत्ताभाऊ दिवाळीपर्यंतच थांबायला तयार झाला आहे. त्याला रोज फोन येतात, चांगल्या भाषेत येतात, त्याचा स्वभाव नाही म्हणायचा नाही. चित्रीकरणाच्या डिस्क सध्या त्याच्याच घरी, वहिनींच्या साड्यांच्या कपाटात आहेत, आणि कपाटाची किल्ली वहिनींकडे आहे. मी पेठच्या बाजारात दोनदा जाऊन आले. चौघी भेटल्या. त्यांनी दत्ताभाऊच्या शेडमध्ये बसून सगळं बघितलं. दोघींनी हो म्हटलं, एकीने तोंड काढायला सांगितलं. चौथी तासभर रडत बसली आणि मग म्हणाली, ताईचा आवाज येतो ना मधीमधी, तेवढं कुणाला देऊ नका. तेही वहीत लिहिलं आहे. चंद्राबाई अजून सापडलेली नाही.

म्हणून तुमच्याकडे एक काम आहे. हे वाचणाऱ्या तुमच्यातल्या अनेकांच्या बांधावर, बंगल्यावर, बांधकामावर पेठ-सुरगाण्याकडच्या बायका आत्ता कामाला असतील. त्यांच्यातल्या कितीतरी जणींपर्यंत वर्तमानपत्राची ही पुरवणी पोचत नाही, आणि पोचली तरी वाचता येईलच असं नाही. त्यांना विचारा की मागच्या हंगामांत पिंपळगावला द्राक्षाच्या कामावर होता का, आणि साडीवर शर्ट घालून कॅमेरा धरणारी उंच बाई तिथे येत होती का. हो म्हणाल्या तर कामातून अर्धा तास सुट्टी द्या, पैसे न कापता, आणि हा लेख त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. सांगा की रंजनाताई गेली, तिचं चित्रीकरण अजून कुणालाही दिलेलं नाही, आणि त्यांना ते बघता येईल. येण्याजाण्याची सोय आम्ही करू. मग त्या काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि या पुरवणीच्या कार्यालयात पोचवा. नाव सांगायचं नसेल तर नावाशिवाय पोचवा. दिवाळीच्या आत.